बोअर वाढवलेली इंजिनं आणि ती वाढवणारे मिस्त्री : तुमचे अनुभव सांगा

बर्फातला_कोल्हापूरकर
परवा शनिवारी शेजाऱ्याची शिडी परत द्यायला त्याच्या गॅरेजात गेलो. मिनेसोटात सध्या उणे बावीस चालू आहे, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या आत घुसलो आणि नाकात टू-टी ऑइलचा वास. शिडी हातातच राहिली आणि मी थेट १९९८ च्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या गल्लीत.

त्याची स्नोमोबाईल (बर्फावर पळणारी गाडी) उघडी पडलेली. ८०० सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. इंजिन बाकड्यावर आणि भिंतीवर खडूनं लिहिलेली दोन कोटेशनं. एक जण म्हणतो तयार किट खोक्यात भरून पाठवतो, मोठे सिलिंडर, पिस्टन, हेड, गास्केटं सगळं, तूच बसव. दुसरा म्हणतो तुझेच सिलिंडर माझ्याकडे पाठव, मोठे करून देतो, तीन आठवडे लागतील, पैसेही जास्त. शेजारी मला विचारतो, तू इंजिनियर ना, काय करू? आता मी जावा लिहिणारा इंजिनियर, आणि ती जावा म्हणजे मोटरसायकलसुद्धा नव्हे.

पण मत होतं माझ्याकडे. कॉलेजात असताना बाबांच्या यामाहा आरएक्स १०० ला आरएक्स १३५ चा ब्लॉक (सिलिंडर) बसवायचं खूळ डोक्यात शिरलेलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमीचा ५८, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) तोच ५०, म्हणजे ९८ सीसीचे १३२, एवढं गणित वहीच्या मागच्या पानावर झालेलं. एका गॅरेजवाल्यानं (नाव नको) संध्याकाळी गाडी घेतली, क्रँककेसचं (इंजिनाच्या खालच्या डब्याचं) तोंड मोठं केलं, १३५ चा जुना ब्लॉक बोअर मारून बसवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात. काय पळत होती म्हणून सांगू. चौथ्या दिवशी पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या अलीकडे कर्रर्र आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून आज हे टाइप करतोय. उघडलं तर पिस्टनच्या रिंगचा तुकडा पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत), पिस्टनला ओरखडे, सिलिंडरला नख अडकेल असा चर.

मग अर्थातच बाबांना कळलं. त्यांच्या ओळखीनं उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे ब्लॉक नेला. त्यांनी काही न बोलता पोर्टमध्ये करंगळी घातली, फिरवली, आणि म्हणाले, "कड मोडली न्हाई रं त्यानं. बोअर मारला की पोर्टची कड सुरीगत हुती. रिंग थितं जरा भाईर डोकावती, आन् अडकती." मी म्हटलं आता तुम्ही बोअर मारून ठेवा, पिस्टन उद्या आणतो. तर म्हणाले, "पाय बघितल्याबिगर चप्पल शिवू व्हय?"

पिस्टन आणला. पन्नासचा ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा. तो आणि ब्लॉक रात्रभर एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवले, दोघं सारखेच गार व्हायला पाहिजेत म्हणून. सकाळी मायक्रोमीटर लावून पिस्टन मोजला आणि त्यावर दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) जागा सोडून बोअर. मग अर्धा तास नुसती कड मोडणं, बारीक अर्धगोल कानस घेऊन, प्रत्येक पोर्टला, मध्ये मध्ये फुंकर. मी खोक्यावर बसून बघत होतो. त्या माणसाचा कामातला अर्धा वेळ मोजण्यात गेला आणि पाव वेळ मला शिव्या देण्यात.

तर येऊ द्या तुमचे अनुभव. बुलेट, यामाहा, पाण्याचं इंजिन, काहीही चालेल. किट कसं निवडलं आणि मिस्त्री कसा निवडला, हे दोन्ही सांगा.

उद्यमनगरचा_पोरगा
लई भारी लिवलंय भावा. पार्वती टॉकीजच्या बाजूचे काय रे ते मिस्त्री? पांढरी टोपी, कानाला पेन्सिल?

बर्फातला_कोल्हापूरकर
टोपी होय, पेन्सिल होय. जागा आता नीट आठवत नाही राव.

थम्पथम्प
बुलेट ५००. बोअर ८४ चा ८७ केला म्हणजे ५३५ होतात, स्ट्रोक ९० च राहतो. नाना पेठेत तीन दुकानं फिरलो, तिघांकडे तीन किटं, तिघंही म्हणाले "ओरिजिनल". शेवटी ज्यानं पिस्टन हातात दिला आणि म्हणाला वजन करून बघा जुन्याशी, त्याच्याकडून घेतलं. बसवणारा मात्र चुकला माझा. त्यानं जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच ठेवला. इंजिन मोठं झालं, हवा जास्त ओढायला लागलं आणि पेट्रोल पूर्वीइतकंच, म्हणजे मिश्रण पातळ. खंबाटकीत हेड इतकं तापलं की पावसाचे थेंब चर्र करून उडत होते. पुण्यात येऊन जेट बदलला, प्लगचा रंग बघितला, परत जेट बदलला, असं तीनदा. आता छान आहे. म्हणजे ८० च्या वर गेलं की आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसतो, पण ते आधीही दिसायचेच.

हळदीचे_हात
हा धागा नवऱ्याला दाखवणार नव्हते पण त्यानं मागून वाचला.

आमच्याकडे जुन्या येझदीचं प्रकरण झालं मागच्या दिवाळीत. फ्रीजर उघडला तर मटारच्या पिशवीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी पाइप. मला वाटलं काय हाडबिड आणलंय. तर म्हणे स्लीव्ह आहे, सिलिंडरच्या आतली, गार झाली की आकसते. बरं. तासाभरानं घरात जळकट वास. केकसाठी घेतलेल्या माझ्या ओटीजीमध्ये दोनशेवर सिलिंडरचा ब्लॉक भाजत ठेवलेला!! तो तापून फुगतो आणि गार स्लीव्ह आत टप्पकन बसते म्हणे. बसली खरी. एका सेकंदात. मीही बघत होते, खोटं कशाला बोलू, मजा आली. पण त्या ओटीजीतल्या नानकटाईला अजून ग्रीसचा वास येतो.

टोमॅटो_सार
ताई ओटीजीत व्हिनेगर आणि खायचा सोडा कालवून लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. आणि नानकटाईची रेसिपी द्या ना, माझी पसरते नेहमी.

हळदीचे_हात
तूप घट्ट घे गं, पातळ नको. आणि गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये. फ्रीजर नाही, तिथे पाइप असतो.

थम्पथम्प
=))

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं काय बाप्पा बुलेट नाही न फुलेट नाही. बाबाचं ५ एचपीचं डिझेल इंजिन होतं विहिरीवर. लायनर (सिलिंडरची आतली नळी) झिजला का धूर मारे काळा, आन् ऑइल पिये माणसावानी. मिस्त्री सायकलवर ये, कॅरिअरले लायनर-पिस्टनचा सेट बांधून. पोटात चहा गेल्याशिवाय पाना उचलत नव्हता. मी एकदा त्याले म्हटलं काका मोठा पिस्टन नाही का बसत, पाणी जास्त फेकन. तो म्हणे बसते, पण मंग पंपही मोठा लागन, पाइपही मोठा लागन, आन् तुह्या विहिरीत पाणी कुठी हाय तेवढं? बाबा एवढे हासले का विचारू नका. त्या उन्हायात विहीर खरंच आटली होती.

नियमात_बसतं_का
सगळ्यांचा उत्साह मान्य, पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात जे लिहिलंय त्यापासून वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच काढतील. वाचून सोडून देऊ नका.

उद्यमनगरचा_पोरगा
काका आले :)

नियमात_बसतं_का
काका नाही, ३४ वय आहे माझं. आणि माझ्याकडेही आरएक्स आहे. स्टँडर्ड.

बो_नदीकाठची
अरे वा, कोणीतरी स्नोमोबाईलबद्दल बोलतंय! मी कॅल्गरीत, नवरा आणि मी दोघंही चालवतो, हिवाळ्यात रेव्हलस्टोकला, डोंगरातल्या गावी जातो. पोळ्या लाटता लाटता लिहितेय, चुका समजून घ्या.

शेजाऱ्याला सांगा, ह्या इंजिनांचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आणि आतून निकासिलचा थर, म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड. आरएक्ससारखं लेथवर लावलं, पन्नासचा पिस्टन टाकला, असं होत नाही. बोअर करून थर परत चढवावा लागतो, मग हिऱ्याच्या स्टोननं होनिंग, म्हणजे आतून बारीक घासून माप आणणं. ते तीन आठवडे ह्याचेच आहेत, तो माणूस उगाच लांबण लावत नाहीये.

आमचा अनुभव असा की डोंगरात दोन हजार मीटरवर गेलं की हवा विरळ, साधारण पाचवा हिस्सा ताकद तिथेच जाते. म्हणून इकडे लोक बोअर वाढवतात. आम्ही चार बिल्डरना फोन केले. तिघांनी किंमत सांगितली. चौथ्यानं किंमत सांगायच्या आधी विचारलं किती उंचीवर चालवता, पेट्रोल कुठलं भरता, गाडीखालचा बर्फावर फिरणारा पट्टा किती लांब, क्लच कोण लावून देणार. क्लचचा प्रश्न ऐकून नवऱ्यानं मला कोपर मारलं. कारण ह्याला गिअर नसतात, आपल्या स्कूटीसारखा बेल्टचा सीव्हीटी (आपोआप बदलणारा गिअर) असतो. ताकद वाढली आणि क्लचमधली वजनं तीच ठेवली तर इंजिन भलत्याच आरपीएमला पळतं, वाढवलेली ताकद पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. त्या चौथ्याकडेच केलं.

आणि अजून एक, थंडीत स्टार्ट करून लगेच रेस द्यायची नाही. पिस्टन पटकन तापून फुगतो, बाहेरचं कूलंट अजून बर्फासारखं, मग चार ठिकाणी घासून जाम होतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन तर जास्तच फुगतो, त्याला जागा जास्त सोडावी लागते. तुमच्या मिस्त्रींनी पिस्टन आणि ब्लॉक एका फळीवर ठेवले हे वाचून हेच आठवलं. पोळी करपली, येते.

थम्पथम्प
कमाल प्रतिसाद. आणि आता टर्बोच (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) घेत नाहीत का लोक?

बो_नदीकाठची
घेतात ना. २०२० पासून स्की-डू कंपनीची टू-स्ट्रोक स्नोमोबाईल कारखान्यातूनच टर्बो लावून मिळते. पण ज्याच्याकडे जुनं मशीन आहे त्यानं काय करायचं. आणि ताकद कितीही वाढवा, बीकन (बर्फाखाली सापडायला सिग्नल देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) जवळ असल्याशिवाय डोंगरात जाऊ नका. मागच्या वर्षी शेजारच्या उतारावर हिमकडा सुटलेला बघितलाय, आवाज आठवला की अजून पोटात गोळा येतो.

खिशात_शेंगदाणे
आमचा स्नोमोबाईलचा अनुभव गुलमर्गचा. सासूबाई, मी आणि चालवणारा. सासूबाई अख्खा वेळ रामरक्षा म्हणत होत्या आणि उतरल्यावर म्हणाल्या अजून एक फेरी मारू. बोअर किती होता ते विचारायचं राहिलं.

टोमॅटो_सार
वाचनखूण साठवली. इंजिनातलं काही कळत नाही पण वाचतेय.

घाटातला_धूर
धागाकर्त्या, तुझी रिंग अडकली तशीच माझीही. १३५ च होती. फक्त माझा मिस्त्री म्हणाला ऑइल खराब. मी तीन महिने ऑइल बदलत बसलो! ऑइल पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला लावलं त्यानं, त्यात दोन प्लग गेले, धुरानं अख्खी गल्ली खोकायला लागली, एक शेजारीण अजून बोलत नाही आमच्याशी. आज कळलं कड मोडायची असते. वीस वर्षांनी. कुणाला फोन करून भांडू आता?

वऱ्हाडी_ठेचा
शेजारणीले कर ना.

थम्पथम्प
अवांतर: रनिंग-इन (नवं इंजिन सुरुवातीला हळू चालवणं) किती केलंत सगळ्यांनी? मला सांगितलेलं पहिले ५०० किमी साठच्या आत. मी ४७० व्या किलोमीटरला मोह आवरला नाही. अजून चालतीये.

घाटातला_धूर
पाचशे? आमच्यावेळी "पेट्रोल पंपापर्यंत हळू ने" एवढंच.

बर्फातला_कोल्हापूरकर
सगळ्यांचे आभार, बो_नदीकाठची तुमचे विशेष. काल शेजाऱ्याला तुमचे प्रश्न इंग्रजीत करून दिले आणि म्हटलं दोघांनाही हेच विचार. त्यात एक माझा घातला, पोर्टची कड कोण मोडतं. खोकेवाल्याचं उत्तर आलं, आज ऑर्डर दिली तर शुक्रवारी पोचेल. दुसऱ्यानं फोनच केला. म्हणे गाडी तळ्यावरच्या सपाट बर्फावर चालवतोस की डोंगरात? शेजारी म्हणाला तळ्यावर, मासेमारीला जातो. तर तो म्हणाला मग कशाला बोअर वाढवतोस, तुझ्या सिलिंडरचा फोटो पाठव, कदाचित नुसता थर चढवून स्टँडर्ड पिस्टननंच काम होईल, आणि निम्मे पैसे वाचतील. शेजारी जरा हिरमुसलाय. त्याला मोठंच हवं होतं. सिलिंडर मात्र त्याच्याकडेच पाठवलेत, फोटोबरोबर मापंही मागितली म्हणून मीच कॅलिपर घेऊन गेलो होतो. कॅलिपरनं बोअर मोजत नाहीत हे तिथे गेल्यावर आठवलं.

उद्यमनगरचा_पोरगा
मिस्त्रींनी बघितलं असतं तर कॅलिपरच फेकून मारला असता.

नियमात_बसतं_का
त्या आरएक्सचं पुढे काय झालं?

बर्फातला_कोल्हापूरकर
कोल्हापुरात आहे, सोप्यात, आईच्या जुन्या साडीखाली झाकलेली. बाबा दर रविवारी किक मारतात. दोन किकमध्ये येते म्हणतात.

घाटातला_धूर
विकायची आहे का?

बर्फातला_कोल्हापूरकर
नाही.

थम्पथम्प
बाबांना विचारा तरी. मी कोल्हापूरला येऊन घेऊन जाईन.

उद्यमनगरचा_पोरगा
ओ पुणेकर, मी गावातच हाय. नंबर माझा पहिला.