३बी जीपची बॉडी रबरं बदलायचीत: टब किती उचलायचा, पॅड किती जाडीचे टाकायचे?

शहादेकर ३बी:
राम राम मंडळी. गाडी महिंद्राची सीजे ३बी, हाय बोनेट, मूळ पेट्रोल इंजिन जागेवर. चासी आणि टब (म्हणजे पत्र्याची बॉडी) यांच्यामधली रबरं पार बसलीत. डावीकडे काउलखालच्या (डॅशपुढच्या पत्र्याच्या भागाखालच्या) पॅडचा चार-पाच मिलिमीटरचा पापड झालाय आणि बाजूला ब्रॅकेटवर पत्रा घासून चकचकीत पट्टा पडलाय. मागच्या दोन पॅडांचा नुसता भुगा उरलाय. तोरणमाळच्या घाटात वळणावर टब आपटल्यासारखा आवाज येतो, बॉनेटची डावी क्लिप ओढून लावावी लागते, दुसऱ्या गिअरला दांडी फ्लोअरच्या झाकणाला टेकते.
टब पूर्ण न उतरवता काम होईल का? पॅड कशाचे आणि किती जाडीचे? जुने बोल्ट गंजलेत, ते तुटले तर काय?

धुळ्याचा पानावाला:
भाऊ, पूर्ण उतरवायची गरज नाही. एका बाजूने २०-२५ मिलिमीटर उचलला तरी पॅड सरकतो.

पण आधी आवाज रबराचाच आहे ना, ते बघा. ब्रॅकेटजवळ चासी आणि टबमध्ये पहार घालून हलका दाब द्या. टब सहज हलला आणि ‘टक’ वाजलं तर रबर. तिथे घट्ट असेल तर स्प्रिंगच्या शॅकलचे बुश आणि गिअरबॉक्सखालचं माउंटिंग तपासा. गिअरची दांडी झाकणाला टेकते म्हणताय, ते गिअरबॉक्स खाली बसल्यानेही होतं. तसं असेल तर बॉडी रबर बदलूनही दांडी टेकतच राहील.

बोल्टला हात लावायच्या आधी तीन दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा. त्याहीआधी वायर ब्रशने माती काढा. आपल्याकडची काळी माती ब्रॅकेट आणि चॅनेलच्या सांध्यात वाळून सिमेंटसारखी बसते, स्प्रे तिच्यातच मुरतो आणि आटे कोरडेच राहतात.

मग सोडायच्या गोष्टी: बॅटरीची निगेटिव्ह, स्टिअरिंग कॉलमचा डॅशखालचा क्लॅम्प, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी, टाकीपासून पंपाकडे जाणारा पेट्रोलचा पाइप, टब ते चासी अर्थची तार, गिअरबॉक्सवरचं पत्र्याचं झाकण, मडगार्डचे काउलला आलेले बोल्ट, आणि रेडिएटरपासून फायरवॉलला (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला) येणारा रॉड असेल तर तोही. पेडल फ्लोअरच्या खाचेतून येतात, टब वर जाताना ती खाच पेडलच्या दांडीला अडकत नाही ना हे एकाने बघत राहायचं. मास्टर सिलिंडर चासीवर आहे, त्यामुळे ब्रेकच्या लाइनला हात लावायचं काम नाही.

आता उचलणं. बठ्ठं (सगळं) एकदम खोलू नका. ज्या बाजूचं काम आहे तिथले बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे चार-पाच आटे सैल करून जागेवरच ठेवा. टब आडवा सरकत नाही आणि भोकं पुन्हा जुळवत बसावी लागत नाहीत. जॅक कधीही मोकळ्या फ्लोअरच्या पत्र्याखाली लावू नका, पत्रा आत जातो. फ्लोअरखालच्या आडव्या चॅनेलखाली बाभळीची किंवा सागाची दीड-दोन फूट लांब फळी घाला आणि फळीखाली जॅक.

जॅक वर जातोय, गाडीही वर जातेय, पण चासी-बॉडीमधली फट वाढत नाहीये, असं दिसलं की लगेच थांबा. कुठेतरी बोल्ट राहिलाय आणि तुम्ही स्प्रिंगसकट अख्खी गाडी उचलताय. जोर लावत राहिलात तर काउलच्या कोपऱ्यातला पत्रा फाटतो. फटीत हात घालायच्या आधी दोन्ही टोकांना लाकडी पाचर ठोकायची. जॅकच्या भरवशावर बोटं आत घालायची नाहीत.

बोल्ट तुटण्याचं म्हणाल तर ९/१६ चा पाना डोक्यावर नीट बसला की बोल्ट ३/८ इंची समजा. एम१० चा बोल्ट त्यात जबरदस्तीने घालू नका, आटे जातात. वरचा नट चॅनेलच्या आत वेल्ड केलेला असेल आणि तो फिरायला लागला, तर चॅनेलच्या बाजूला पान्याचं तोंड जाईल एवढी खिडकी कापा, नट धरा, काम झाल्यावर तुकडा परत वेल्ड करून रेडऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा. ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवायचं असेल तर सीटखालची पेट्रोलची टाकी आधी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, तिच्यात वाफ असते.

भुसावळ फोर-व्हील:
पॅडबद्दल मी लिहितो.

जुना पॅड मोजून तेवढ्याच जाडीचा नवा कापणं ही नेहमीची चूक. तो दबलेला असतो. सगळ्यात कमी भार आलेला एखादा पॅड शोधा आणि त्याची बोल्टपासून लांबची कड व्हर्नियरने मोजा, मूळ जाडी तिथे जवळपास शिल्लक असते. ज्या ठिकाणी पॅडच्या भोकात बोल्टभोवती लोखंडी नळी आहे तिथे काम सोपं. वरचा पॅड, ब्रॅकेटचा पत्रा आणि खालचा पॅड यांची बेरीज नळीच्या लांबीपेक्षा ३ मिलिमीटर जास्त हवी. उदाहरणार्थ नळी २८ असेल तर वर १६, ब्रॅकेट ३, खाली १२, एकूण ३१. नट पूर्ण आवळला की रबर तेवढं ३ मिलिमीटर दबतं आणि नळी पुढे दबू देत नाही. बेरीज नळीपेक्षा कमी भरली तर नट कितीही आवळा, टब वाजणारच.

माल कुठला? जुन्या विलिजच्या (मूळ अमेरिकन जीप कंपनीच्या) गाड्यांत कापड-रबराचेच पॅड असत, त्यामुळे पट्ट्याचा पॅड म्हणजे जुगाड समजू नका. दालमिलचा किंवा जिनिंगचा जुना एलिव्हेटर पट्टा उत्तम, आत कापडाचे थर असतात. खडी क्रशरचा पट्टा घ्याल तर दोन्ही कडा आणि मध्य मोजा, मधोमध झिजलेला असतो. स्टीलच्या तारेचा पट्टा नको. टायरचा तुकडा गोलाईमुळे सपाट बसत नाही, तोही नको. तयार रबर घेणार असाल तर ६० ते ७० शोअर कडकपणाचं मागा. पॉलियुरेथेन टिकतं, पण इंजिनची सगळी थरथर सीटमध्ये येते. शेतरस्त्याच्या गाडीत मी ते सुचवणार नाही.

भोक ड्रिलने पाडू नका, बिट कापडाचे धागे ओढून काढतं. पोकळ पंच, खाली आडवं लाकूड, आणि साबणाचं पाणी. बसवतानाही ग्रीस किंवा ऑइल नाही, साबणाचं पाणी किंवा शंखजिऱ्याची पूड. सायलेन्सरच्या बाजूचा पॅड आधी कडक होतो, तिथे मध्ये पत्र्याची आडपट्टी लावा.

चोपडा वायरिंग:
वरच्या दोघांनी सांगितलेलं बरोबर आहे. सोडायच्या यादीत अर्थची तार आलीच आहे, पण तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण रबर बदलल्यावर होणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

रबर झिजलं की टब थेट चासीला टेकतो. तुमच्याकडे जो चकचकीत पट्टा पडलाय, तिथूनच टबला निगेटिव्ह मिळत असण्याची शक्यता आहे. नवीन रबर घातलं की तो रस्ता बंद. मग हेडलाइट पिवळा पडतो, ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा हलतो, आणि करंट स्पीडोमीटरच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल हाताला गरम लागली तर कारण हेच.

म्हणून टब ते चासी आणि इंजिन ते चासी अशा दोन वेगळ्या पट्ट्या नव्या लावा. १६ स्क्वेअर मिलिमीटरची तार किंवा विणलेली तांब्याची पट्टी पुरते. दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, आवळा, वरून ग्रीस लावा. मग हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी टबच्या उघड्या पत्र्यावर. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर झालं.

शहादेकर ३बी:
मंडळी, आभार. डावीकडचा चॅनेल काउलखाली बोटभर खाली बसल्यासारखा वाटतोय. तिथे जाड पॅड टाकून उंची मिळवू का?

धुळ्याचा पानावाला:
नाही भाऊ. त्या चॅनेलला आधी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं किंवा गंजाचे पापुद्रे पडले तर तिथे नवा चॅनेल वेल्ड करावा लागेल. जाड पॅड टाकाल तर कुजलेल्या पत्र्यावर एकाच जागी भार येईल आणि महिन्याभरात बोल्ट वर येईल. चॅनेल ठणठणीत असेल तर चासी तपासा. समोरासमोरच्या बोल्टांच्या भोकांची तिरकी मापं दोन्ही बाजूंनी घ्या. ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चासी वाकलीय, मग रबराचा विषय नंतर. फरक कमी असेल तर पॅड सगळीकडे सारखाच ठेवा आणि उरलेली फट दीड मिलिमीटरच्या लोखंडी चकत्यांनी भरा. जुन्या चकत्या काढताना कुठल्या बोल्टखाली किती होत्या, ते खडूने चासीवरच लिहून ठेवा.

आवळताना सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, जॅक पूर्ण सोडा, टबचं वजन रबरावर येऊ द्या. मग काउलचे दोन, त्यानंतर मागचे, मग मधले, आळीपाळीने डावा-उजवा. जिथे नळी नाही तिथे रबराची कड किंचित फुगली की थांबा आणि नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा) नट लावा. स्टिअरिंगचा क्लॅम्प सगळ्यात शेवटी, चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून कुठे अडत नाही हे बघून. २००-३०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा, काउलच्या दोन नटांना बहुधा पाव फेरा लागतो.