मदत हवी आहे: मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकाऱ्यांची कुटुंबे (१८७०–१८९५)

मुंबई इलाख्याच्या फौजेतील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बायकामुलांविषयी मी माहिती जमवत आहे. अधिकाऱ्याची बढती नि बदली लष्करी याद्यांत सापडते. पण १८८० च्या अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईने विधवा झालेल्या स्त्रीचा पुढे निर्वाह कसा झाला, किंवा सहा-सात वर्षांचे मूल सुएझमार्गे विलायतेला धाडल्यावर आईने ती वर्षे कशी काढली, हे त्यांत नसते. छावणीच्या दफनभूमीतील एका शिळेवर नवऱ्याचा हुद्दा आणि पलटण ठळक कोरली आहे, तिच्या वाट्याला केवळ ‘पत्नी’ एवढाच शब्द. तो पाहिल्यापासून मन स्वस्थ नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या तत्कालीन ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तरात बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदी आहेत. त्यापलीकडे विधवांचे निवृत्तिवेतन आणि घरगुती पत्रे कोठे शोधावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.