गाभण मेंढ्यांना शेवटच्या दीड महिन्यात खुराक किती आणि कसा द्यावा?

प्रश्न : रायबागचा शेतकरी

नमस्कार. रायबाग तालुक्याच्या कोरडवाहू भागात माझा चाळीस दख्खनी मेंढ्यांचा कळप आहे. डिसेंबरच्या मध्यास मेंढा सोडला होता, त्यामुळे बहुतेक मेंढ्या मेच्या मध्याला विण्यास सुरुवात करतील. आज एप्रिलचा पहिला आठवडा आहे आणि माळावर दातात धरण्याइतकेही गवत उरलेले नाही. पूर्वी सुगीनंतर ज्वारी-हरभऱ्याच्या रिकाम्या रानांत दोन-तीन महिने कळप फिरत असे. आता पाणी आले तिथे ऊस आला आणि ती राने आम्हाला बंद झाली. उसाच्या हंगामात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळत होते, त्यातले थोडे वाळवून रचून ठेवले आहेत. घरचा कडबा महिनाभर पुरेल. शेंगदाण्याचा पालाही थोडा आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत दोन मेंढ्या विण्याच्या आधी बसल्या आणि उठल्याच नाहीत. सहा कोकरे पहिल्या तीन दिवसांत गेली. ती मुठीएवढी होती आणि आयांच्या कासेत दूध नव्हते. मी कडबा भरपूर टाकत होतो, गव्हाणीत शिल्लकही राहत असे, तरी असे का झाले हे मला आजपर्यंत उलगडलेले नाही. यंदा खुराक विकत घेण्याची तयारी आहे, पण तो किती, कोणता आणि कोणत्या मेंढीला द्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : अथणीचा मेंढपाळ

दादा, गव्हाणीत कडबा शिल्लक राहत होता, हीच खूण होती. मेंढी उपाशी होती, पण तिच्या पोटात कडब्याला जागा नव्हती. आमच्या वडिलांच्या काळी जुनी माणसे गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात मूठभर धान्य चारत, त्याचे कारण हेच असावे.

पहिले काम म्हणजे प्रत्येक मेंढीच्या पाठीवर हात ठेवून पाहा. लोकरीमुळे नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. शेवटच्या बरगडीच्या मागे कण्यावर बोटे दाबली आणि हाडांची टोके टोचली, तर ती मेंढी रोड आहे. टोके जाणवतात पण गोल लागतात, ती ठीक. हाडच लागत नाही, ती जास्त मातलेली, आणि तिलाही धोका असतोच. रोड मेंढ्या वेगळ्या बांधा, नाहीतर दांडग्या मेंढ्या त्यांचा घास हिसकावतात.

बाभळीच्या वाळलेल्या शेंगा सध्या फुकट मिळतात. त्या ठेचून थोड्या-थोड्या द्याव्यात. दुपारी बारा ते चार कळप सावलीत बसवा आणि लांब चालवू नका, कारण चालण्यात गेलेली ताकद परत मिळत नाही. पाणी दिवसातून दोनदा, मनसोक्त.

उत्तर : पशुवैद्यक, चिकोडी तालुका

वरील उत्तर अगदी योग्य आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेतले तर बाकीचे निर्णय आपण स्वतःच घेऊ शकाल. मेंढीचा गाभणकाळ सुमारे 147 ते 150 दिवसांचा असतो आणि कोकराच्या जन्मवेळच्या वजनातील जवळपास 70 टक्के वाढ शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते. याच काळात वाढलेले गर्भाशय कोठीपोटाला, म्हणजे चारा साठून आंबतो त्या मोठ्या पोटाला, दाबते. म्हणजे गरज दीडपट होते, जुळी असल्यास दुपटीच्या जवळ जाते, आणि खाण्याची क्षमता मात्र घटते. कडब्यात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या आसपास असतात आणि तो पचायलाही वेळ लागतो. त्यामुळे कितीही कडबा टाकला तरी तूट भरून निघत नाही. कमी जागेत जास्त ताकद देणारा खुराकच इथे उपयोगी पडतो.

शंभर किलो खुराकासाठी मक्याचा भरडा 50 किलो, शेंगदाणा पेंड 20 किलो, गव्हाचा कोंडा 27 किलो, खनिज मिश्रण 2 किलो आणि मीठ 1 किलो असे प्रमाण ठेवावे. आपल्याकडच्या दुकानांत पेंडीला हिंडी म्हणतात. ती घेताना फोडून पाहा आणि वास घ्या. बुरशीची, कुबट पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, कारण तिच्यातील विष यकृताला आणि गर्भालाही बाधते. तुरीची चुनी रास्त भावात मिळत असेल, तर कोंड्याचा काही भाग तिने बदलता येतो.

साधारण तीस किलोच्या दख्खनी मेंढीला दिवसाला 250 ग्रॅम खुराक पुरे. कळपात माडग्याळ रक्ताच्या मोठ्या मेंढ्या असतील, तर त्यांना वजनाच्या हिशेबाने वाढवून द्यावा. मात्र पहिल्याच दिवशी 250 ग्रॅम कधीही ओतू नये. पन्नास ग्रॅमपासून सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी पन्नास ग्रॅम वाढवावे आणि पूर्ण मात्रा सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावी. सवय नसलेल्या पोटात एकदम धान्य गेले की आम्ल वाढते, रवंथ थांबते, आणि कडब्याने जगलेली मेंढी खुराकाने मरते. हे मी अनेक वाड्यांवर पाहिले आहे. चाळीस मेंढ्यांना सहा आठवड्यांसाठी सुमारे चारशे किलो लागेल. पैसा कमी पडत असेल, तर सर्वांना सारखा वाटण्यापेक्षा चांगल्या अंगाच्या मेंढ्यांना दीडशे ग्रॅमवर ठेवून रोड मेंढ्यांना तीनशेपर्यंत न्यावे.

वाढ्यांबद्दल सावध राहावे. त्यांत ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. गाभण मेंढीला कोकराच्या हाडांसाठी आणि येणाऱ्या दुधासाठी नेमके तेच हवे असते. म्हणून वाढे हा एकमेव चारा ठेवू नये. कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण चुकवू नये. शेंगदाण्याच्या पाल्यात कडब्याच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात. तो पाला आजपासून संपवू नका, विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा. बांधावर सुबाभूळ असेल तर पाला सुकवून द्यावा, पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, कारण त्यातील मायमोसीनने लोकर गळते आणि कंठग्रंथीवर परिणाम होतो. शेवरी मिळाल्यास ती अधिक निर्धास्तपणे देता येते.

गेल्या वर्षी बसलेल्या दोन मेंढ्यांना बहुधा गर्भविषबाधा झाली असावी. साखर कमी पडली की शरीर चरबी वितळवते, यकृत ते ओझे पेलू शकत नाही आणि रक्तात कीटोन नावाची घातक द्रव्ये साठतात. ज्या मेंढ्यांच्या पोटात जुळे असते, त्यांना हा आजार अधिक होतो. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. परंतु फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ जातीतील जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा मेंढी तयार केली, आणि तसा मेंढा कळपात आला असेल तर पुढच्या पिढीत जुळी वाढतात. अशा कळपांना हा खुराक ऐच्छिक राहत नाही. आंत्रविषाराची (आतड्यांतील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी दिली म्हणजे चिकातून कोकरांना संरक्षण मिळते. त्यासाठी हीच वेळ आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : रायबागचा शेतकरी

डॉक्टरसाहेब, मामा, मनापासून आभार. काल संध्याकाळी सर्व मेंढ्यांच्या पाठी चाचपल्या. अकरा मेंढ्यांची हाडे सरळ टोचली, आणि त्यांतल्या चार माझ्या डोळ्यांना गुबगुबीत वाटत होत्या. त्या वेगळ्या केल्या आहेत. दोन शंका उरल्या आहेत. एखादी मेंढी बसलीच तर डॉक्टर येईपर्यंत गूळपाणी पाजावे का? आणि परवा वळवाचा पाऊस झाला असून शेजारच्या रानात ज्वारीच्या खोडांना हिरवे फुटवे आले आहेत. तिथे कळप सोडू का? हिरवे पाहून मेंढ्या दोर तोडतात.

उत्तर : पशुवैद्यक, चिकोडी तालुका

ज्वारीच्या त्या फुटव्यांत अजिबात सोडू नका. कोवळ्या आणि ताण पडलेल्या फुटव्यांत सायनाइड तयार होते. त्यालाच आपण किरळ लागणे म्हणतो, आणि त्यात मेंढी काही मिनिटांत जाऊ शकते.

गूळपाण्याबाबत सांगतो. पोटात गेलेला बराचसा गूळ तिथले जंतूच वापरून टाकतात, रक्तात साखर म्हणून थोडीच पोहोचते, म्हणून त्यावर विसंबून दिवस घालवू नये. प्रोपिलीन ग्लायकॉल औषधांच्या दुकानात मिळते. ते सुमारे 60 मिली दिवसातून दोनदा पाजतात आणि शिरेतून ग्लुकोज पशुवैद्यकाने द्यावे लागते. मेंढीला गिळता येत नसेल तर काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. मुख्य म्हणजे ती बसण्याची वाट पाहू नये. कळपापासून एकटी उभी राहणारी, खुराकाला सर्वांत शेवटी येणारी, डोळ्यांसमोर हात नेला तरी न बिचकणारी, दात खाणारी मेंढी दिसली की त्याच दिवशी बोलवा. आडवी झालेली मेंढी वाचवणे फार कठीण असते.

उत्तर : हुक्केरीहून, एक मेंढीपालक

भाऊ, माझ्याकडे पंचवीस मेंढ्या आहेत आणि मी तीन वर्षांपासून असाच खुराक देते, म्हणून दोन गोष्टी सांगावीशी वाटतात. गव्हाण लांब करा. प्रत्येक मेंढीला किमान एक फूट जागा मिळावी आणि सर्वांना एकाच वेळी तोंड घालता यावे. मी लाकडी फळ्यांची साधी गव्हाण करून घेतली, तेव्हापासून कोण खायला आली नाही हे दोन मिनिटांत कळते. डॉक्टर म्हणतात तशी मागे राहणारी मेंढी मला तिथेच सापडली आणि ती वाचली.

दुसरे म्हणजे, मेंढी व्याली की खुराक बंद करू नका. पहिल्या वर्षी मी तीच चूक केली आणि महिन्याभरात कोकरांची वाढ थांबली. दूध देताना तिची गरज गाभणपणापेक्षाही जास्त असते. विल्यानंतर निदान दीड-दोन महिने 300 ग्रॅम चालू ठेवा, पाऊस लागून माळ हिरवा होईपर्यंत. आणि कोकराने जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक प्यायला पाहिजे. ते स्वतः उभे राहत नसेल तर चीक काढून बाटलीने पाजा. रात्री विणाऱ्यांसाठी मी वाड्यात कंदील आणि घड्याळ ठेवते.