पैसे दिले म्हणून लोगो आपला होत नाही

वर मसालेवाल्या ताईंनी लिहिलंय की डिझायनरचं बिल चुकतं केलं, आता लोगो आपलाच. थांबा जरा! १९५७च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकराने केलेलं काम सहसा मालकाचं; पण बाहेरच्या फ्रीलान्सरने काढलेल्या लोगोचा हक्क लेखी, सहीनिशी नावावर करून घेईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे हस्तांतर नव्हे. त्या कागदात मुदतही घाला, नाहीतर कायदा ५ वर्षंच धरतो. मला हे कळलं तेव्हा दोन हजार पिशव्या छापून झाल्या होत्या.

ट्रेडमार्क, म्हणजे नाव-लोगोची आपला ब्रँड म्हणून नोंदणी, हा वेगळा विषय. त्यात मालाचे ठरलेले वर्ग असतात; मसाले वर्ग ३० मध्ये येतात, ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४५०० रुपये. भागीदारी फर्म असेल तर उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योग म्हणून नोंदणीचा सरकारी दाखला) जोडा, नाहीतर ९००० पडतात.