मोनास्तीरहून न्यूयॉर्कला आलेल्या सेफार्दी कुटुंबाची जुनी छायाचित्रे : काळ आणि ओळख कशी ठरवावी?

जुना_अल्बम (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या यजमानांच्या आजीचे माहेर मोनास्तीरचे, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियातील बितोला या गावचे. घरात लादिनो (जुन्या स्पॅनिशवरून आलेली ज्यू भाषा) बोलणारे हे सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडील ज्यूंच्या वंशातले कुटुंब पहिल्या महायुद्धापूर्वी टप्प्याटप्प्याने न्यूयॉर्कला आले. सासूबाईंनी आता अल्बम माझ्या स्वाधीन केला आहे, परंतु त्यातील चेहऱ्यांची नावे सांगणारे कोणीही उरलेले नाही.

पहिले छायाचित्र साधारण ११ × १६.५ सेंटिमीटरच्या जाड राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेले असून खाली रोमन अक्षरांत 'मानाकी, मोनास्तीर' असे छापले आहे. मध्ये पारंपरिक पोशाखातील वृद्ध स्त्री बसली आहे, एका बाजूस कोट आणि फेझ टोपी घातलेला तरुण उभा आहे, तर दुसऱ्या बाजूस उंच गळपट्टीचे, अरुंद बाह्यांचे झंपर घातलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. मागील मजकूर हिब्रूसारख्या वळणदार अक्षरांत आहे, त्याच्या शेवटी तीन अक्षरे सुटी काढली आहेत आणि कोपऱ्यात पेन्सिलीने अरबी अंकांत १३२६ लिहिले आहे. घरातील समजुतीप्रमाणे हे छायाचित्र १८९५ चे आहे.

दुसरे छायाचित्र न्यूयॉर्कचे, पोस्टकार्डाच्या कागदावर आहे. त्यामागे लहान मुलाचे जे नाव लिहिले आहे, तेच त्याच्या मोनास्तीरमधील आजोबांचे होते, आणि आजोबा त्या वेळी हयात होते. ज्यू लोक जिवंत माणसाचे नाव मुलाला ठेवत नाहीत, म्हणून ही नोंद चुकीची असावी, असे एका नातेवाइकाचे म्हणणे आहे. दोन्ही चित्रांच्या दोन्ही बाजू सोबत जोडल्या आहेत.

कोकणचा_इस्राएल

मी बेने इस्राएल समाजाचा आहे. कोकणातील आमच्या कबरींवर मराठीच्या बरोबरीने हिब्रू मजकूर असतो, त्यामुळे अक्षरांत लिहिलेली वर्षे वाचण्याचा मला सराव आहे. आपल्या छायाचित्रावरील अक्षरे ताव, रेश आणि आयिन, म्हणजे ४००, २०० आणि ७० अशी आहेत. हजारांचा आकडा गाळण्याची रूढी असल्याने ६७० म्हणजे हिब्रू वर्ष ५६७०, अर्थात सप्टेंबर १९०९ ते ऑक्टोबर १९१०.

१३२६ हे हिजरी वर्ष मानल्यास फेब्रुवारी १९०८ ते जानेवारी १९०९ हा काळ येतो आणि तो हिब्रू वर्षाशी जुळत नाही. मात्र मोनास्तीर तेव्हा ओस्मानी (ऑटोमन तुर्की) साम्राज्यात होते आणि त्या राज्यकारभारात रूमी नावाचे सौर वर्षही चालत असे, ज्यात ५८४ मिळवले की इसवी सन मिळतो. त्या गणनेने १३२६ म्हणजे मार्च १९१० ते मार्च १९११. दोन्ही नोंदी एकाच वेळच्या असतील, तर त्या मार्च ते ऑक्टोबर १९१० या काळातल्या ठरतात. अर्थात ही तारीख मजकूर लिहिल्याची आहे, चित्र काढल्याची नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

ही वळणदार लिपी म्हणजे सोलित्रेओ, लादिनोचे हस्ताक्षर. आधुनिक हिब्रू उत्तम वाचणाऱ्यालाही ती लागत नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सेफार्दी कागदपत्रांचा मोठा डिजिटल संग्रह आहे, तेथील अभ्यासकांना विचारावे.

काचपट्टी

१८९५ हे वर्ष निश्चितपणे बाद करता येते, कारण यानाकी आणि मिल्टन मानाकी या बंधूंनी मोनास्तीरमध्ये स्टुडिओ उघडला तोच १९०५ मध्ये. उलट बाजूची मर्यादा गावाच्या नावावरून मिळू शकते: नोव्हेंबर १९१२ मध्ये सर्बियन सैन्याने मोनास्तीर घेतले आणि पुढे बितोल हे नाव प्रचारात आले, तरी जुने छापील पुठ्ठे संपेपर्यंत वापरले जात असल्याने या पुराव्यावर फार भार टाकू नये.

वृद्ध स्त्रीच्या वेशावरून काळ ठरवण्याचा मोह टाळावा, कारण त्या वयाच्या स्त्रिया तरुणपणीचाच पोशाख अखेरपर्यंत वापरत. काळ सांगते ती मुलगी. १८९५ च्या सुमारास युरोपीय पद्धतीच्या झंपराच्या बाह्या खांद्याशी प्रचंड फुगवलेल्या असत, हिच्या अरुंद आहेत. फेझवरून तरुणाचा धर्म ठरत नाही, ती ओस्मानी प्रजेतील सर्वधर्मीय पुरुषांची टोपी होती. १९०९ मध्ये बिगरमुस्लिम तरुणांनाही सक्तीची लष्करभरती लागू झाली आणि अनेकांनी अमेरिकेची वाट धरली, त्यामुळे हे निघण्यापूर्वी आईसोबत काढून घेतलेले छायाचित्र असावे, असा माझा तर्क आहे. मानाकींच्या काचेच्या निगेटिव्ह बितोलाच्या अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. तोच रंगवलेला पडदा आणि तीच खुर्ची तेथील तारीखवार चित्रांत सापडल्यास तर्काला आधार मिळेल.

दुसऱ्या चित्रामागे तिकिटाच्या चौकोनात 'अझो' (AZO, छायाचित्रांच्या कागदाचा एक छाप) ही अक्षरे असून कोपऱ्यांतील चारही त्रिकोण वर टोक केलेले आहेत. हा कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला.

जुना_अल्बम (धागाकर्ती)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मुलाच्या नावाचे काय करावे?

कोकणचा_इस्राएल

ती नोंद पुसू नये. जिवंत व्यक्तीचे नाव न ठेवण्याची रूढी पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंची आहे. सेफार्दी घरांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव त्यांच्या हयातीतच सन्मानाने दिले जाते. अडचण निराळीच आहे: चार भाऊ असतील, तर चौघांच्याही थोरल्या मुलाचे नाव तेच असू शकते, आणि आपल्या चित्रातील मुलगा नेमका कोणत्या घरचा, हे नाव एकटे सांगणार नाही.

काचपट्टी

त्यासाठी जहाजाच्या प्रवासी याद्या पाहाव्यात. अमेरिकेच्या १९०७ च्या स्थलांतर कायद्यानंतर त्यांत मायदेशी राहिलेल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचे नाव नोंदवले जाई, त्यामुळे त्या वृद्ध स्त्रीचे नावही कदाचित तेथेच मिळेल. जुलै १९२९ पासून अमेरिकन नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या अर्जावर छायाचित्र लावणे बंधनकारक होते. तरुणाने त्यानंतर अर्ज केला असल्यास चेहरा ताडून पाहता येईल. कानाची ठेवण वयानुसार फारशी बदलत नाही, म्हणून तुलना तेथून सुरू करावी.

मुलगी मात्र अमेरिकेला आली नसेल, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागेल, आणि हे लिहिताना मला जड जाते. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात गाव ताब्यात असलेल्या बल्गेरियन अंमलदारांनी मोनास्तीरच्या ज्यूंची छायाचित्रांसह नोंदणी करवून घेतली. ११ मार्च १९४३ रोजी त्या गावातील ३,००० हून अधिक ज्यूंना धरण्यात आले आणि पुढे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. नोंदणीतील छायाचित्रे वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाकडून पाहता येतात. तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास असणार आणि सासरच्या आडनावाखाली असणार. म्हणून आधी सासूबाईंना विचारून मोनास्तीरमध्ये मागे राहिलेल्या आत्या-मावश्यांची लग्नानंतरची आडनावे, जेवढी आठवतील तेवढी, आजच लिहून घ्यावीत.