गोधडीच्या अस्तरावर उतरलेला लाल रंग कसा काढायचा?

सायली_क:
आजीच्या हातची गोधडी आहे. वर तिची लाल काठाची सुती लुगडी, खाली आजोबांच्या धोतराचं अस्तर, सगळा धावदोरा हातचा. पावसात पत्रा गळून ट्रंकेत पाणी गेलं आणि काठाचा रंग धोतरावर उतरला. गुलाबी डाग, मधे फिके, कडेला गडद. धोतर इतकं विरलंय की घासायला हात धजत नाही. ड्रायक्लीनवालाही नको म्हणाला. काय करू?

मंदार७:
मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो.

गोधडीवाली मावशी:
मीठ अजिबात नको गं. सूत रंगवताना मीठ घालतात ते रंग पाण्यातून कापडात जावा म्हणून. तुला तर तो बाहेर काढायचाय. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगकामात लागतं, सुताला त्याचा उपयोग नाही.

मी जुन्या गोधड्या दुरुस्त करते, त्यामुळे हे नेहमीचंच. धाग्याला न धरलेला रंग सुटला आणि धोतरावर बसला. तोच परत पाण्यात उतरवायचा. म्हणून पाणी भरपूर हवं. बादलीत कोंबलीस तर त्याच लाल पाण्यातून रंग भलतीकडे बसेल. मोठा टब घे, तळाला जुनी चादर, तिच्यावर गोधडी. हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि ब्लीच नसलेलं पातळ डिटर्जंट. एक कोपराही पाण्याबाहेर ठेवू नकोस. ओल वर चढते, रंग सोबत नेते आणि वाळत्या कडेला सोडते. तुझ्या डागांच्या गडद कडा तशाच झाल्यात. रात्रभर ठेव. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बघ, लाल दिसलं की बदल, स्वच्छ येईपर्यंत. मधे वाळू द्यायची नाही, डाग असेपर्यंत इस्त्री नाही.

उचलताना चादरीची टोकं दोघींनी धरा. ओली गोधडी भयंकर जड होते, नुसती उचलली तर टाके तुटतात, विरलेलं कापड फाटतं. पिळायची नाही, दोरीवर टाकायची नाही. खाटेवर सावलीत पसर.

सायली_क:
मावशी, दुकानात रंगकाट मिळतो, तो चालेल? आणि लुगड्याचाच रंग गेला तर?

गोधडीवाली मावशी:
रंगकाट डागाबरोबर काठही फिका करून ठेवील. क्लोरीनच्या ब्लीचने जुनं सूत आणखी कुजतं, तेही नको. भिजवून काठ थोडा उतरेल, पण सुटा रंग एरवीही पुढच्या ओलीला निघणारच. आधी काठावर ओला पांढरा बोळा दाबून बघ, किती सुटतो ते कळेल. मुरलेला डाग पूर्ण जाईलच असं नाही, बराच फिका मात्र होतो.

कोल्हापूरकर_वहिनी:
आमच्या वाकळेवर असाच डाग राहिला होता. सासूबाईंनी त्यावर जुन्या धोतराचं ठिगळ लावलं, खालचं कापड न कापता. विरलेल्या जागेला आधारही झाला.

सायली_क:
रविवारी बहीण येतेय, तेव्हाच भिजवते. बोळा आज रात्री दाबून बघते, लाल काठावर आणि एका हिरव्या पट्टीवरही.