मनी प्लांटची पानं पिवळी पडतायत, माती ओली आहे तरी मान टाकतोय, काय करू?

स्वाती_सुदामानगर
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राहतो. सासूबाईंनी लावलेला मनी प्लांट आहे, बारा वर्षं झाली असतील, त्या आता नाहीत म्हणून माझा फार जीव आहे ह्या झाडावर. दिवाळीनंतर थंडी वाढली तसा गॅलरीतून उचलून हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवला, कुंडी छान दिसावी म्हणून मोठ्या चिनी मातीच्या कुंडीत बसवला. आता तीन आठवडे झाले, खालची पानं एकेक करून पिवळी होतायत आणि कालपासून वरची पण लोंबायला लागली. तहान लागली असेल म्हणून रोज एक तांब्या घालायचे ते दोन केले. कुंडी हलवली की बारीक काळी चिलटं उठतात. नर्सरीवाल्याने चमचाभर युरिया घालायला सांगितलाय, घालू का?

गच्चीवाले_काका
युरिया अजिबात नको ताई, आणि आजपासून पाणी पण बंद. माती ओली असून झाड मान टाकतंय म्हणजे पाणी आहे पण मुळं ते ओढू शकत नाहीयेत, बहुतेक कुजलीत. गॅलरीत ऊन-वारा होता तेव्हा तो तांब्या पचत होता, आता घरात उजेड कमी, वर थंडी, झाड पाणी पिणारच किती? आणि कुजलेल्या मुळांवर युरिया म्हणजे उरलीसुरली पण जळायची. त्या चिनी मातीच्या कुंडीला खाली भोक आहे का ते बघा आधी. झाड बाहेर काढून मुळं बघा, न बघता कोणी कितीही औषधं सांगितली तरी घालू नका.

स्वाती_सुदामानगर
काका, पेपर अंथरून काढलं आत्ता. भोक नाहीये, तळाला दोन बोटं पाणी साचलेलं आणि नाल्यासारखा वास. मुळं तपकिरी, मऊ, एक ओढलं तर वरची साल सरकून हातात आली आणि आत नुसता दोऱ्यासारखा धागा राहिला. वरच्या बाजूला थोडी पांढरी, कडक आहेत. मला रडूच आलं, मीच बुडवलं की हो त्याला.

गच्चीवाले_काका
पांढरी आहेत ना, मग वाचतंय, घाबरू नका. नळाखाली माती धुऊन काढा, कात्री स्पिरिटने पुसून मऊ झालेलं सगळं कापून टाका, दया नको. मुळं कमी झाली तर तेवढा पसारा पण झेपणार नाही, म्हणून लांब वेली छाटा. तासभर सावलीत सुकू द्या आणि मग लहान कुंडीत लावा, भोकवाल्या, मोठी कुंडी म्हणजे परत जास्त ओल. आपल्या माळव्याची काळी माती नुसती वापरू नका, ती पाणी धरून बसते आणि फुगते, शेताला चांगली पण घरातल्या कुंडीला नाही. थोडी बागेची माती, तेवढंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तेवढीच जाडी रेती, बास. खत नवीन पान आल्याशिवाय नाही. छाटलेल्या वेलींचे तुकडे टाकू नका, प्रत्येकाला निदान एक गाठ, म्हणजे पान फुटतं तो सांधा, ठेवून पाण्याच्या बाटलीत लावा, गाठ बुडलेली, पान बाहेर. समजा कुंडीतलं गेलं तरी सासूबाईंचंच झाड राहील.

मेधा_लोकमान्यनगर
चिलटांचं मी सांगते, आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात हाच त्रास होता. अळ्या वरच्या ओल्या मातीत असतात, बुरशी आणि कुजकं खातात, त्यामुळे वरची दीड-दोन इंच माती कोरडी होऊ दिली की पिढी पुढे सरकत नाही. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद मिळतात ते खोचा. काही जणी चहाचा चोथा घालतात कुंडीत, तो घरात नकोच, तिथूनच सुरू होतं. अर्धकच्चं कंपोस्ट पण नको. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तर आपल्याच गावची, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी 1924 ते 1931 मध्ये इथेच बसवली, ते ढीग उलटे-पालटे करत तीनेक महिने मुरवायचे, आपण पंधरा दिवसांत कुंडीत ओततो. पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या किडा दिसला तर मात्र लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारायचं. स्वातीताई, तुम्ही चिलटांसाठी आधी फक्त वरची माती सुकू द्या, एकदम सगळं करू नका.

स्वाती_सुदामानगर
अठरा दिवसांनी लिहितेय. कुंडीतल्याला नवीन पान नाही, पण गळणं थांबलंय, देठं उभी आहेत. खिडकीजवळ आणलाय. तांब्या ठेवून दिला, बोट दोन पेरं घालून बघते, काल सातव्या दिवशी पाणी घातलं. आणि बाटलीतल्या पाच तुकड्यांपैकी तिघांना गाठीतून तांदळाच्या कणीएवढी पांढरी मुळं आलीत, सकाळी उठल्या उठल्या आधी तीच बघते. काका, मातीत कधी लावू?

गच्चीवाले_काका
दोन-तीन इंच होऊ देत, थंडी पण ओसरेल तोवर. एक नणंदबाईंना द्या, झाड दोन घरांत असलेलं बरं.